बराकी हलवण्याआधी जमिनीचं ठरवा

मुंबईत जागेचा विषय निघाला की कोलाब्याचं नाव निघतंच. बेटाच्या दक्षिण टोकाला लष्कराची आणि नौदलाची एवढी जमीन, तीही समुद्राकाठची. इकडे शहरात पाय ठेवायला जागा नाही आणि तिकडे बैठ्या बराकी, कवायतीची मैदानं, गोल्फची हिरवळ. हे सगळं शहराबाहेर न्यावं आणि जमीन मुंबईला द्यावी, अशी मागणी अधूनमधून होत असते. तिच्यात तथ्य आहे. ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकात आपल्या वखारीच्या रक्षणासाठी जिथे फौज ठेवली, तिथेच ती आजही असली पाहिजे असं काही नाही. तरीही माझं म्हणणं असं की बराकी कुठे न्यायच्या याच्या आधी त्यांच्याखालच्या जमिनीचं काय करायचं, हे कायद्याने ठरलं पाहिजे. ते ठरत नाही तोवर लष्कर आहे तिथेच राहिलेलं मुंबईच्या हिताचं आहे.

लष्करी जमीन शहराला देण्याचा प्रयोग मुंबईने एकदा केलेला आहे, आणि तो बऱ्यापैकी साधलाही होता. आज ज्याला आपण फोर्ट म्हणतो तो भाग खरोखरच तटबंदीच्या आत होता. अपोलो गेट, चर्च गेट आणि बझार गेट असे त्याचे तीन दरवाजे. तटाबाहेर खंदक, आणि खंदकापलीकडे एस्प्लनेड नावाचं विस्तीर्ण मैदान. ते मैदान लोकांच्या विरंगुळ्यासाठी ठेवलेलं नव्हतं. शत्रू आलाच तर तटावरच्या तोफांना समोर अडथळा नको, म्हणून तिथली घरं आणि वाड्या पाडून ती जागा मोकळी केली होती. १८०३ मध्ये कोटात मोठी आग लागली आणि त्यानंतर हा मोकळा पट्टा आणखी रुंद केला गेला. त्या काळी तिथे घर बांधणं म्हणजे सरकारच्या तोफेच्या तोंडी जाणं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या तटबंदीचा लष्करी उपयोग संपला होता. पेशवाई बुडाली होती, समुद्रावर फ्रेंचांची भीती उरली नव्हती. आतली वस्ती मात्र कोंदून गेली होती. १८६२ मध्ये बार्टल फ्रिअर गव्हर्नर झाला आणि त्याच्या काळात तट पाडले गेले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, शहरात पैसा खेळत होता, जमिनीला गिऱ्हाईक होतं. म्हणजे आजच्यासारखीच परिस्थिती होती, आणि सगळी जमीन विकून टाकण्याचा मोह तेव्हाच्या सरकारलाही झाला असणार. सरकारने भूखंड विकलेही. पण सगळे विकले नाहीत. एक पट्टा सार्वजनिक इमारतींसाठी राखला. उच्च न्यायालय, विद्यापीठ, जुनं सचिवालय, तारघर या इमारती त्याच पट्ट्यावर उभ्या राहिल्या. तोफांसाठी मोकळी ठेवलेली जागा मैदान म्हणूनच राहिली. आज ओव्हल, क्रॉस मैदान आणि आझाद मैदान या नावांनी आपण जे ओळखतो, ते त्या एस्प्लनेडचे उरलेले तुकडे आहेत. चर्च गेटच्या जागी १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन आलं. ओव्हलभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्याचं मूळ त्या वेळी न विकलेल्या जमिनीत आहे.

विकलेल्या जमिनीवरही अटी होत्या. हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर, इमारत बांधायची तर तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा सलग ओटा सोडलाच पाहिजे, असं बंधन घातलं गेलं. जुलैच्या मुसळधार पावसात सीएसएमटीहून फाउंटनकडे जाणारा माणूस आजही त्या कमानींखालून जवळजवळ कोरडा जातो. वरच्या मजल्यांचे मालक बदलले, भाडेकरू बदलले, खाली फेरीवाले बसले, पण चालण्याचा हक्क काही गेला नाही. जमीन हातातून सोडताना कागदावर लिहिलेली एक अट सव्वाशे वर्षांनंतरही अशी कामाला येते.

हे सगळं फ्रिअरच्या सरकारने रयतेच्या प्रेमापोटी केलं असं मी म्हणत नाही. तटबंदीबाहेरच्या देशी वस्तीला, भुलेश्वर-गिरगाव-भायखळ्याला, त्या वैभवातून फारसं काही मिळालं नाही. साम्राज्याचा रुबाब दाखवायचा होता, तो दाखवला. तरीही वसाहतवादी सरकारला जे कळलं, ते स्वतंत्र भारतात निवडून आलेल्या सरकारांना कळू नये, याचं मला मनापासून दुःख वाटतं.

फोर्टमधली फौज तोवर कोलाब्यात स्थिरावत चालली होती. १७९६ पासून तिथे छावणी होती. १८३८ मध्ये कॉजवे पुरा झाला आणि भरतीच्या वेळी तुटणारं ते बेट मुंबईला कायमचं जोडलं गेलं. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या शिपायांच्या स्मरणार्थ बांधलेलं चर्च १८५८ मध्ये तिथे उभं राहिलं. पुढे विसाव्या शतकात बॅकबेमध्ये भराव घालण्याची प्रचंड योजना सरकारने हाती घेतली. ती इतकी फसली, आणि तिच्यातला गैरकारभार वकील खुर्शेद नरिमन यांनी इतका उघडा पाडला, की आठपैकी चारच गट पुरे झाले. सुमारे ४४० एकर जमीन समुद्रातून वर आली आणि तिच्यातली जवळजवळ २३५ एकर लष्कराला विकली गेली. मुंबईच्या करदात्यांच्या पैशांतून, मुंबईच्या समुद्रावर घातलेल्या भरावाचा निम्म्याहून मोठा वाटा असा लष्कराकडे गेला. त्यामुळे या जमिनीवर शहराचा नैतिक हक्क आहे हे म्हणणं पोकळ नाही. मात्र हक्क शहराचा आहे म्हणजे तो शहरातल्या बिल्डरांचा आहे असं होत नाही.

याच परिसरात आदर्श सोसायटी उभी राहिली. आदर्श प्रकरण आपण घोटाळा म्हणून लक्षात ठेवलं. कोणाला फ्लॅट मिळाला, कोणाच्या सासूच्या नावावर होता, यावर वृत्तपत्रांचे रकाने भरले. मला त्यातली जमिनीची बाजू जास्त महत्त्वाची वाटते. बॅकबेच्या सहाव्या गटातला तो भूखंड. लष्कराचं म्हणणं असं की जागा वर्षानुवर्षं आमच्या ताब्यात होती. पश्चिम द्रुतगती महामार्गासाठी राज्याला सांताक्रूझच्या रायफल रेंजची जमीन हवी होती, तिच्या बदल्यात कोलाब्यातली ही जमीन आम्हाला मिळायची होती. राज्य सरकारचं म्हणणं असं की जमीन आमचीच आहे. नेमलेल्या चौकशी आयोगाने राज्याची मालकी मान्य केली. म्हणजे मुंबईतल्या सर्वांत महागड्या जमिनींपैकी एका तुकड्याच्या मालकीबद्दल केंद्र आणि राज्य यांच्यात निम्मं शतक स्पष्टता नव्हती. लष्कराने तिथे बाग केली होती, कुंपण होतं, पहारा होता, पण निर्विवाद कागद नव्हता. आंधळं दळत होतं.

आणि पीठ कोणी खाल्लं तेही आपण पाहिलं. शेजारच्या कॅप्टन प्रकाश पेठे मार्गाची नियोजित रुंदी ६० मीटरवरून १८ मीटरवर आणली गेली, म्हणजे रस्त्याची जागा निवासी झाली. लगतच्या बेस्ट डेपोच्या जमिनीचा चटईक्षेत्र निर्देशांकही, म्हणजे बांधकामाचा कोटाही, याच इमारतीला वापरू दिला. यातला प्रत्येक निर्णय कोणत्या तरी कार्यालयात, कोणत्या तरी सहीने, रीतसर टिपणीवर झाला. ३१ मजले चढले. माजी लष्करी अधिकारी, सनदी अधिकारी, राजकारण्यांचे नातेवाईक हे सगळे एकाच यादीत आले. २०१० मध्ये तत्कालीन मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. २०१६ च्या एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने इमारत पाडायचा आदेश दिला, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने पाडकाम थांबवून इमारत केंद्राला ताब्यात घ्यायला सांगितलं. एका भूखंडावर हे झालं. उद्या शेकडो एकर सुटले तर काय होईल याचा अंदाज करायला कल्पनाशक्ती लागत नाही.

कुणी म्हणेल, आदर्श हा अपवाद होता, तिथे कायदाच मोडला गेला. मग कायदा न मोडता काय झालं ते गिरणगावात बघावं. ५८ गिरण्या, सुमारे ६०० एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमाने वाटणी ठरवली होती: ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. नियम चांगला होता. वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांच्या समितीने १९९६ मध्ये सगळ्या जमिनीचा एकत्र विचार कसा करता येईल हेही मांडून दिलं होतं. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. जिथे गिरणीच्या इमारती उभ्या होत्या, तो भाग हिशेबातून बाहेर. गिरणीच्या आवारात बहुतेक जागा इमारतींनीच व्यापलेली असते, हे दुरुस्ती करणाऱ्यांना ठाऊक नव्हतं असं मानणं कठीण आहे. या दुरुस्तीविरुद्ध उच्च न्यायालयात २००५ मध्ये नागरिक जिंकले, सर्वोच्च न्यायालयात २००६ मध्ये हरले. लोअर परळला आज टॉवर आहेत, मॉल आहेत, आणि संध्याकाळी म्हाताऱ्या माणसाला बसायला बाक शोधावा लागतो.

म्हणून मी म्हणतो की नियमावलीतला नियम पुरेसा नाही. नियम अधिसूचनेने बदलतो. लष्करी जमिनीसाठी विधिमंडळाने आणि संसदेने केलेला कायदाच हवा, जो बदलायचा झाला तर सभागृहात उभं राहून, नावानिशी मत देऊन बदलावा लागेल.

आता लष्कराच्या बाजूकडे येतो, कारण तीही खरी आहे. नौदलाची गोदी समुद्राकाठीच असणार. ती हलवा म्हणण्यात अर्थ नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादी कफ परेडच्या किनाऱ्यावर, नौदलाच्या तळापासून फार लांब नसलेल्या कोळीवस्तीत उतरले, त्यानंतर या टोकावर सशस्त्र दल नको असं कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. दारूगोळ्याची गोष्ट वेगळी. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापूस आणि स्फोटकं एकत्र होती. आग लागली आणि गोदीसकट आसपासच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. स्फोटकं दाट वस्तीपासून दूर असावीत हा धडा या शहराने शेकडो जीव देऊन घेतला आहे. भांडारं, प्रशासकीय कचेऱ्या, प्रशिक्षणाची केंद्रं यांना समुद्राची गरज नाही. कोलाब्याच्या टोकावरचं गोल्फचं मैदान तर देशाच्या संरक्षणासाठी आहे असं कोणी म्हणू शकणार नाही. लष्करी जमिनींवर चालणाऱ्या गोल्फ मैदानांच्या उत्पन्नाचा प्रश्न महालेखापरीक्षकांनीही आपल्या अहवालात उपस्थित केला होता. तेव्हा काय राहायचं आणि काय जायचं, याची चर्चा जागेजागेनुसार करता येईल, आणि ती लष्कराला बरोबर घेऊनच करायला हवी.

पण जायचं म्हणजे कुठे? दक्षिण मुंबईत बसून ‘बाहेर न्या’ म्हणणाऱ्यांनी एकदा मोराची बोट धरून उरणला जावं. करंजाला नौदलाचं शस्त्रागार आहे. त्याच्याभोवतीच्या सुरक्षापट्ट्याचं आरक्षण केगाव, नागाव, बोरी-पाखाडी अशा वस्त्यांवर नव्वदच्या दशकापासून टांगलेलं आहे. पिढ्यान्‌पिढ्यांची घरं असलेल्या आगरी-कोळी माणसाला आपल्याच घरावर मजला चढवायचा तर धाकधूक, आणि मोर्चे काढून काढून लोक थकले. त्याच तालुक्याने बंदरासाठी जमीन दिली, नवी मुंबईसाठी दिली. आता कोलाब्याच्या बराकीही तिथेच न्यायच्या आणि कोलाब्यात समुद्र दिसणारे फ्लॅट बांधायचे, तर याला शहराचं नियोजन म्हणायचं की एका किनाऱ्याचं ओझं दुसऱ्या किनाऱ्यावर टाकणं? स्थलांतराच्या प्रत्येक प्रस्तावात नव्या जागेच्या ग्रामसभांचं म्हणणं सुरुवातीलाच नोंदवलं गेलं पाहिजे. भूसंपादनाची नोटीस लागल्यावर घेतलेल्या हरकतींना काय किंमत असते हे उरणकरांना विचारावं.

लष्करी जमिनीच्या शेजारी राहणाऱ्यांचंही एक दुखणं आहे, आणि त्याची दखल फारशी कोणी घेत नाही. आदर्शनंतर, २०११ मध्ये, संरक्षण खात्याने आपल्या आस्थापनांभोवतीच्या बांधकामांसाठी ना-हरकत प्रमाणपत्र बंधनकारक करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. कांदिवली-मालाडच्या भांडाराभोवती, घाटकोपरला, जुन्या गळक्या इमारतींचा पुनर्विकास त्यामुळे वर्षानुवर्षं रखडला. २०१६ मध्ये अंतरं कमी केली, तरी संभ्रम सुरूच राहिला. केंद्राच्या जमिनीवर ज्यांच्या झोपड्या आहेत त्यांची अवस्था आणखी बिकट: केंद्राच्या संमतीशिवाय झोपडपट्टी पुनर्वसन नाही, आणि संमती मिळता मिळत नाही. नेव्ही नगरच्या कुंपणाला लागून असलेल्या गीता नगरसारख्या वस्तीत राहणारी माणसं याच भागात घरकाम करतात, टॅक्सी चालवतात, ससून डॉकवर कोळंबी सोलतात. जमीन मोकळी झाली तर पहिला हक्क त्यांच्या घरांचा असला पाहिजे, आणि तीही तिथेच, रिफायनऱ्यांशेजारच्या माहुलला नव्हे.

मुंबईचं जुळं भावंड शोभावं असं एक बंदर आहे, हाँगकाँग. तिथेही ब्रिटिश फौजेने बेटावरची मोक्याची जागा पहिल्याच दिवसांत घेतली आणि शहराचे जवळजवळ दोन भाग पाडले. तिथली नौदलाची गोदी १९५९ मध्ये बंद झाली, व्हिक्टोरिया बराकींची जमीन १९७९ मध्ये सरकारकडे आली. तिच्या एका भागावर उंच व्यापारी इमारती आल्या, पण दुसऱ्या भागावर १९९१ मध्ये हाँगकाँग पार्क खुलं झालं. सेनापतीचा जुना बंगला आज चहाच्या भांड्यांचं संग्रहालय आहे. नौदलाचा तळ १९९३ मध्ये स्टोनकटर्स बेटावर गेला, म्हणजे आधी नवी सोय झाली आणि मग जुनी जागा सुटली. १९९४ च्या करारात ३९ जागांची यादीच केली गेली: १४ फौजेकडे राहतील, २५ शहराला मिळतील. तिथेही चुका झाल्या. मरी हाउस ही बराकींतली देखणी इमारत १९८२ मध्ये दगड दगड सुटा करून हलवली, तिच्या जागी बँकेचा मनोरा आला आणि ती इमारत बेटाच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा उभी राहायला पुढे जवळजवळ दोन दशकं गेली. पण एक गोष्ट तिथे पक्की आहे: जवळपास सगळी जमीन सरकारच्या मालकीची राहते, बाकीच्यांना मिळतो तो मुदतीचा भाडेपट्टा.

आपल्याकडेही भाडेपट्ट्याने काय साधतं याचा ताजा दाखला आहे. महालक्ष्मी रेसकोर्सची जमीन भाडेपट्ट्याची होती, पट्टा २०१३ मध्ये संपला, म्हणूनच २०२४ मध्ये तिच्यातली १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे घेता आली. ती विकलेली असती तर आज बोलायलाही जागा नसती. दरडोई जेमतेम एक-सव्वा चौरस मीटर मोकळी जागा असलेल्या या शहरात १२० एकर म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. उलट २०१९ पासून राज्य सरकारच भाडेपट्ट्याच्या जमिनी अधिमूल्य घेऊन मालकीहक्काने देत आहे. हे धोरण लष्करी जमिनीला कधीही लागू होणार नाही, हे कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहावं लागेल.

सगळ्या अनर्थाचं मूळ पैशात आहे. संरक्षण खात्याचं अलीकडचं धोरण असं की जमीन सोडायची तर तिच्या बाजारभावाइतक्या मूल्याच्या इमारती आणि सोयी दुसरीकडे बांधून द्या. वरवर पाहता हे न्याय्य आहे. जवानांच्या कुटुंबांना चांगली घरं मिळालीच पाहिजेत. पण कोलाब्याचा बाजारभाव भरून द्यायचा तर महापालिका तो आणणार कुठून? त्याच जमिनीवर टॉवर बांधू देऊन. म्हणजे मैदान करायचं म्हणून घेतलेली जमीन मैदानाची किंमत भरण्यासाठीच विकावी लागेल. तेव्हा भरपाई नव्या ठिकाणी बांधकामाला येणाऱ्या प्रत्यक्ष खर्चाइतकीच असावी. हस्तांतर सरकारकडून सरकारकडे होतंय, त्यात नफा कोणी कोणाकडून काढायचा?

बराकींच्या इमारतींबद्दलही बोललं पाहिजे. फेब्रुवारी १९४६ मध्ये कोलाब्यातल्या ‘तलवार’ या नाविक तळावर खलाशांनी अन्न सोडलं आणि बंड पुकारलं. तीन दिवसांनी फोर्टमधल्या कॅसल बराकींत त्यांच्यावर गोळीबार झाला आणि त्यांनीही उलट गोळ्या झाडल्या. त्यांच्या पाठिंब्यासाठी परळ-लालबागचे कामगार रस्त्यावर आले आणि मेले. ही ठिकाणं पाडायची नाहीत. ती लोकांना आत जाऊन पाहता आली पाहिजेत, आणि शाळेच्या सहली तिथे गेल्या पाहिजेत.

आणि सुरुवात आजच करता येण्यासारखी आहे. संरक्षण मालमत्ता विभागाने देशभरातल्या सुमारे १७.७८ लाख एकर जमिनीची मोजणी आधुनिक साधनांनी २०२२ च्या सुमारास पुरी केली. त्यातली मुंबईची पानं विधिमंडळासमोर ठेवावीत: कोणता भूखंड कोणाच्या मालकीचा, कशावर वाद आहे, कुठे अतिक्रमण आहे, काय कशासाठी वापरात आहे. सुरक्षेची सबब इथे चालणार नाही. शस्त्रं कुठे ठेवलीत हे कोणी विचारत नाही, हद्द कुठे आहे एवढंच विचारतं आहे, आणि कुंपण तर रस्त्यावरून दिसतं. राज्याच्या महसूल खात्याची नोंद आणि संरक्षण खात्याची नोंद शेजारी ठेवून जिथे जुळत नाही तिथे दोघांनी बसून निकाल लावावा. बॅकबेच्या सहाव्या गटाच्या बाबतीत एवढं केलं असतं तर आदर्शचा पायाच खणला गेला नसता. मुंबईतल्या कोणत्याही आमदाराला, खासदाराला हा प्रश्न येत्या अधिवेशनात विचारता येईल, आणि मतदारांनी त्यांच्याकडून तो विचारून घ्यावा.